चिठ्ठी आणलीय का?

बावीस वर्षं मी हा एकच प्रश्न विचारत आले. सकाळी आठला खिडकीची काच सरकवायची, कंप्युटर सुरू करायचा आणि पहिल्या पेशंटला विचारायचं, चिठ्ठी आणलीय का? मुलुंडला एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी केसपेपरच्या खिडकीत बसते. आमच्याकडे पद्धत अशी, की मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं तर आधी तुमच्या गल्लीतल्या डॉक्टरची चिठ्ठी हवी. काय दुखतंय आणि कुठल्या विभागात पाठवायचं, ते तिच्यावर लिहिलेलं असतं. चिठ्ठी असली तर केसपेपर, नसली तर घरी. माहुलहून दोन बस बदलून आलेल्या बाईलासुद्धा मी परत पाठवलंय. ती काचेला बोटं लावून उभीच राहिली होती आणि मी पुढचा नंबर पुकारला होता.

हे काही मी फुशारकी म्हणून सांगत नाही. पण तेव्हा मला त्याचं काहीच वाटायचं नाही, हे खरंय. उलट बरंच वाटायचं. घरी माझं ऐकतं कोण? नवरा टीव्हीसमोर, मुलगी कानात इयरफोन घालून. इथे मात्र चांगली शिकलेली, गाडीतून आलेली माणसंसुद्धा माझ्यापुढे मान खाली घालून पिशवीत चिठ्ठी शोधायची. मला तो प्रश्न आवडायचा. आता लिहितेच आहे तर खरं लिहिते.

माझी ताई गेल्या वर्षी गेली, गर्भाशयाच्या कॅन्सरने. तिलाही मी हाच प्रश्न विचारला होता.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आमचे बाबा गिरणीत होते, गाव मालवणकडचं. गिरणी बंद पडली तेव्हा मी चौथीत होते आणि ताई घरात शिवणाची मशीन घेऊन बसली. माझी फी, माझ्या वेण्या, माझा अभ्यास, सगळं तिनेच केलं. मला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा आईने नाही, ताईने समजावलं. आईच्या जुन्या साडीचं कापड फाडून त्याची घडी कशी घालायची ते दाखवलं. ते धुऊन टॉवेलच्या आत कसं वाळत घालायचं, म्हणजे चाळीत कुणाला दिसणार नाही, तेही शिकवलं. आणि वर म्हणाली, ह्या गोष्टी कुणाकडे बोलायच्या नसतात. मी विचारलं, डॉक्टरकडेपण नाही? ती हसली होती. डॉक्टरला कशाला सांगायचं, हा काय ताप आहे, असं म्हणाली होती.

लग्न होऊन ती घाटकोपरला डोंगरावरच्या चाळीत गेली आणि शेवटपर्यंत तिथेच राहिली. भावोजी साधा माणूस, औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होते, आता रिटायर. त्यांचं जग दोनच गोष्टींचं, भजन आणि डॉक्टर. डॉक्टर म्हणजे चाळीच्या खाली ज्यांचा दवाखाना आहे ते, आमच्याच गावच्या बाजूचे. दर गुरुवारी भजनाला ते पेटीवर आणि भावोजी पखवाजावर. दवाखाना बंद केला की रोज ताईच्या घरी चहा. ताई त्यांच्यापुढे डोक्यावरून पदर घेत नसे, पण आवाज मात्र खाली यायचा. ते तिला वहिनी म्हणायचे. तीस वर्षं त्या घरातला ताप, खोकला, जुलाब, सगळं त्यांनीच बघितलं. माणूस देवासारखा, त्यात शंका नाही.

ताईची पाळी जाऊन तीन वर्षं झाली होती. आणि ती गेली त्याच्या आदल्या वर्षीच्या गणपतीत तिला परत लागलं.

त्या वर्षी तिच्या मुलाचं लग्न झालेलं. नव्या सुनेचा पहिला ओवसा होता, म्हणजे गौरीपुढे सुपं घेऊन ओवाळायचा मान. सगळं खटलं गावच्या घरी जमलं होतं आणि घरातली मोठी बाई ताईच. नैवेद्य तिच्या हातचा, सुपं तिनेच भरायची, सुनेला हाताला धरून तिनेच न्यायचं. गौरी यायच्या दिवशीच सकाळी तिला डाग दिसला. तिने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिला बाजूला बसावं लागलं असतं आणि पोरीचा ओवसा बिघडला असता. घडी घातली कापडाची आणि उभी राहिली चुलीपुढे. पुढे कितीतरी दिवस तिच्या मनात हेच होतं, की विटाळ असताना मी देवाला शिवले, त्याचंच हे फळ. एवढी हुशार बाई, बँकेची कामं एकटी करणारी, आणि डोक्यात हे. वाचून तुम्हाला राग येईल. मला तर अजून येतो, पण कुणावर काढू?

नवरात्राच्या आसपास तिचा मला ऑफिसात फोन आला. इकडचं तिकडचं बोलली आणि मग म्हणाली, आमच्या शेजारणीला तुमच्याकडच्या बायकांच्या डॉक्टरला दाखवायचंय, काय करावं लागतं गं?

"चिठ्ठी लागते," मी म्हटलं. "तुमच्या डॉक्टरांकडून आण म्हणावं."

"चिठ्ठीशिवाय नाही का होत?"

"नाही. नियम आहे."

तिने बरं म्हटलं आणि फोन ठेवला. शेजारीण कोण, तिला काय होतंय, मी विचारलंसुद्धा नाही. खिडकीत गर्दी होती.

आता जे सांगायचंय ते सांगताना माझा हात जड होतो. त्या फोनच्या दोन महिने आधी आमच्या ऑफिसात एक कागद आला होता. दुसऱ्या मजल्यावरच्या बायकांच्या विभागात नवीन डॉक्टरीणबाई आल्या होत्या, त्यांनी हॉस्पिटलच्या साहेबांशी भांडून तो काढायला लावला होता. स्त्रीरोग विभागात येणाऱ्या कुठल्याही बाईला चिठ्ठी मागू नये, थेट वर पाठवावं, असं दोन ओळींत स्वच्छ मराठीत लिहिलेलं. खाली आम्ही तिघींनी वाचलं म्हणून सह्या केल्या, त्यात माझी पहिली. दोन दिवस पाळलंसुद्धा. मग वर गर्दी वाढली, वरच्या सिस्टर करवादायला लागल्या, आणि मी आपली परत जुन्या वळणावर. तो कागद माझ्या टेबलाच्या काचेखाली सरकवला आणि त्यावर रजिस्टर ठेवलं. कुणी मुद्दाम नाही केलं. सवय होती, दुसरं काय.

ताई गेली डॉक्टरांकडे. पण एकटी कशी जाणार? भावोजींनी कधी तिला एकटीला दवाखान्यात जाऊ दिलं नाही, प्रेमाने हो, धाकाने नाही. दोघं जाऊन बसली. पडद्यापलीकडे बाकावर चाळीतल्याच चार बायका, कंपाउंडर पुड्या बांधतोय, भावोजी शेजारच्या स्टुलावर, आणि समोर पेटीवाले डॉक्टर. त्यांनी विचारलं, काय वहिनी, काय होतंय? ताईने नंतर मला सांगितलं, की तोंड उघडलं होतं तिने. शब्द जिभेवर होता. आणि बाहेर आलं ते, कंबर धरते. भावोजींनी लगेच पुस्ती जोडली, की ही अजून पाण्याचे हंडे उचलते, ऐकत नाही. डॉक्टर तिला रागावले. कुठे दाखवायचं म्हणाले, तर ताई म्हणाली, बहिणीच्या हॉस्पिटलात. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. कंबरदुखी, हाडांच्या विभागात पाठवावे.

तिचा हिशोब वेगळाच होता बघा. तिला वाटलं, चिठ्ठी ही आत शिरण्यापुरती असते. कशाची का असेना, एकदा आत गेलं की तिथे आपली बहीण आहे, तिच्या कानात सांगू, ती नेईल बरोबर बायकांच्या डॉक्टरकडे. आमच्यासारख्या घरात वाढलेल्या बाईलाच हे सुचू शकतं. खरं दुखणं सांगायला लाज, म्हणून खोटं दुखणं घेऊन दारात यायचं.

दिवाळीनंतरचा सोमवार होता. सोमवार म्हणजे आमच्याकडे जत्रा. मी तिला नेहमी सांगायचे, आलीस तर बाजूच्या दाराने ये, रांगेत उभी राहू नकोस. पण तिचं आपलं एकच, माझ्यामुळे तुला कुणी बोलायला नको. दोन तास रांगेत उभी राहून ती खिडकीशी आली. मी न बघताच विचारलं, चिठ्ठी आणलीय का? फटीतून चिठ्ठी आत आली. अक्षर डॉक्टरांचं, निळ्या शाईचं, शिक्का जरा तिरका पडलेला, कोपरा घामाने ओला. ते सगळं मला आत्तासुद्धा दिसतंय. नाव वाचलं तेव्हा कळलं. मी टाइप करता करता म्हटलं, अगं ताई, तू होय, कंबर दुखतेय ते बोलली नाहीस फोनवर. तळमजला, खोली सात.

"अगं, जरा ऐक ना," ती म्हणाली.

"घरी बोलू गं. मागे रांग बघ केवढी आहे."

केसपेपर फटीतून बाहेर सरकवला आणि पुढचा नंबर पुकारला.

ताई गेली खोली सातमध्ये. तिथे एक तरुण डॉक्टर, माझ्या भाच्याच्या वयाचा. त्याने एक्स-रे काढला, वयोमानाने होतं म्हणाला, कंबरेचा पट्टा दिला आणि व्यायाम शिकायला धाडलं. पुढचे चार महिने ताई घाटकोपरहून मुलुंडला पट्टा बांधून व्यायामाला येत होती. दर बुधवारी. येताना माझ्यासाठी डब्यात काहीतरी असायचंच, घावणे नाहीतर सोलकढी. डबा ती शिपायाकडे ठेवून जायची. मी तिला संध्याकाळी फोनवर विचारायचे, बरं वाटतंय का? ती म्हणायची, वाटतंय जरा. तिकडे रक्त थांबायचं, परत यायचं, आणि ती ते अंगावर काढत होती. होळीच्या सुमारास तिची कंबर खरंच दुखायला लागली. पुढे एकदा मला म्हणाली, खोटं बोलले ना, म्हणून खरं झालं.

शेवटी कळलं ते सुनेला. पोरगी कॉल सेंटरला काम करते, बोलायला फटकळ. मला ती आधी फारशी आवडायची नाही, आगाऊ वाटायची. तिला एक दिवस टॉवेलच्या आत वाळत घातलेलं कापड सापडलं. तिने सरळ तोंडावर विचारलं, आई, तुमची तर गेलीय ना, मग हे कुणाचं? ताई रडायला लागली. पोरीने भावोजींना विचारलं नाही, डॉक्टरांना विचारलं नाही, मलाही विचारलं नाही. ऑफिसला दांडी मारली, सासूला रिक्षात घातलं आणि आमच्या हॉस्पिटलात आणून थेट दुसऱ्या मजल्यावर नेलं. दार ढकलून म्हणाली, यांना रक्त जातंय. डॉक्टरीणबाईंनी तिथल्या तिथे तपासलं.

अर्ध्या तासाने सून माझ्याकडे आली. बाजूच्या दाराने आली, तिला कसली लाज. म्हणाली, मावशी, आईंचा केसपेपर करून द्या, वरती मागितलाय, स्त्रीरोग विभागाचा. आणि मी, कपाळ माझं, मी तिला काय म्हटलं असेल?

"चिठ्ठी?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मावशी, वर कुणी चिठ्ठी मागितलीच नाही."

मी रजिस्टर उचललं. काचेखाली तो कागद होता, थोडा पिवळा पडलेला, त्याच्यावर माझी सही. मी रजिस्टर परत खाली ठेवलं आणि केसपेपर करून दिला. नाव दोनदा चुकलं, माझ्या सख्ख्या बहिणीचं.

पुढचं सगळं भराभर झालं, म्हणजे नको ते सगळं. सोनोग्राफी, मग गर्भपिशवीचा तुकडा काढून तपासायला पाठवला, मग मोठं स्कॅन. डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला खोलीत बसवून सांगितलं, की पसरलाय, मणक्यापर्यंत गेलाय. मी विचारलं, गणपतीतच आणलं असतं तर? त्यांनी रिपोर्ट मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, पाळी गेल्यावर एक थेंब जरी दिसला तरी त्याच आठवड्यात यायचं असतं, म्हणून तर मी तो कागद काढायला लावला होता. त्या मला टोचून बोलत नव्हत्या. त्यांना ठाऊकच नव्हतं की खिडकीत मी काय करत होते.

पेटीवाले डॉक्टर घरी आले तेव्हा मी तिथेच होते. चहा समोर गार झाला, त्यांनी कप उचलला नाही. म्हणाले, वहिनी एक शब्द बोलल्या असत्या तर दोन मिनिटांत दुसरी चिठ्ठी लिहिली असती मी. भावोजी पखवाजाच्या खोळीवरून हात फिरवत बसले होते. ते एवढंच म्हणाले, मलाही नाही सांगितलं तिने. दोघंही रडत नव्हते, पण त्यांच्याकडे बघवत नव्हतं. मला वाटलं, दोघांनाही सांगावं, चिठ्ठी लागतच नव्हती हो. तोंडातून निघालं नाही. बहिणीचीच बहीण मी, जिभेवर आलेला शब्द गिळायला तिच्याकडूनच शिकले.

आता मी तो कागद काचेखालून काढून खिडकीच्या बाहेरच्या बाजूने लावलाय. शिवाय जाड मार्करने माझ्या हाताने मोठी पाटी लिहिलीय, बायकांच्या डॉक्टरकडे जायला चिठ्ठी लागत नाही, दुसरा मजला. तरी बायका विचारतात. हळू आवाजात विचारतात आणि शेजारणीसाठीच विचारतात. परवा एक बाई मैत्रिणीसाठी विचारायला आली होती, ओठ कोरडे पडले होते तिचे. मी खिडकी बंद केली, रांग बोंबलत राहिली, आणि तिला हाताला धरून वर सोडून आले. साहेब ओरडले. ओरडू देत. ह्याने माझं काही फिटत नाही, हे मला चांगलं कळतं. बाहेर पाटी लावायला मला एक बहीण लागली.

शेवटच्या महिन्यात मी रजा टाकून ताईकडेच होते. तिला पाठीला उशा लावून बसवायचं, भात मऊ कालवून चमच्याने भरवायचं. दुपारी भावोजी जरा पडायचे तेव्हा आम्ही दोघीच असायचो. अंग इतकं हलकं झालं होतं तिचं, की मी एकटी तिला उचलून कुशीवर वळवायचे. लहानपणी ती मला आंघोळ घालायची, आता मी तिला घालत होते. पाय पुसताना एका दुपारी मला राहवलं नाही. मी विचारलं, ताई, सगळं जग राहू दे, मला का गं नाही सांगितलंस?

तिला बोलायला श्वास पुरत नव्हता. आजारात तिची मुंबईची भाषा मधूनच गळून पडायची, आईसारखं मालवणी बोलायला लागायची.

"तुका सांगूकच इल्लंय त्या दिवशी," ती म्हणाली. "खिडकीत. तू वर बघूकच नाय."

मला सांगायलाच आली होती ती, आणि मी तिचा पाय तसाच हातात धरून बसले. त्या सोमवारचं मला सगळं आठवतं, निळी शाई, तिरका शिक्का, ओला कोपरा. पण ताईने कुठली साडी नेसली होती, केस विंचरले होते का, चेहरा कसा दिसत होता, काही म्हणता काही आठवत नाही. आठवणार कुठून, मी बघितलंच नव्हतं.

मी रडतेय हे तिने पाहिलं. तिने हात पुढे केला, तो माझ्या डोक्यापर्यंत पोचला नाही, खांद्यावरच राहिला. माझीच समजूत घालायला लागली. म्हणाली, रडू नको गो. सून आमची वाघीण, ती घुसली चिठ्ठीशिवाय, सगळ्यांना जमतं का तसं? मीच आधी लाज सोडायला हवी होती, असंही म्हणाली.

"तुझा काय दोष त्यात," ती म्हणाली. "चिठ्ठी तर लागतेच ना."

टॉवेल माझ्या हातात होता. भावोजी आतल्या खोलीत घोरत होते. आता सांग, मी स्वतःला म्हटलं, आता तरी सांग.

मी म्हटलं, "हो ताई. लागते."